आईचं ताट आधी वाढ

प्रिय बाळा,

तुझा एवढा मोठा मेसेज सकाळी दोनदा वाचला. आई चिडते, मधेच रडते, रात्री दोनला उठून बसते, वहिनीशी पटत नाही, विचारलं तर "मला काय धाड भरलीये" म्हणते. आणि तुला कळत नाहीये की हे डिप्रेशन आहे, मेनोपॉज आहे, की तुझ्यावरच राग आहे. तिला पुण्याला नेऊ का असं विचारलंस आणि खाली आईला द्यायच्या सहा पावडरींचे फोटो. पावडरी राहू दे बाजूला. मला आधी एवढंच सांग, मागच्या खेपेला आलीस तेव्हा आई कधी जेवते आणि काय जेवते हे बघितलंस का?

मी बघते रोज, भिंतीला भिंत आहे आपली. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्यानेच, सकाळची गार भाकरी, कढईच्या तळाला राहिलेला रस्सा भाकरीनेच पुसून घ्यायचा, वर शेंगदाण्याची चटणी, की झालं जेवण. दूध तुझ्या दादाला आणि पोरांना, दही उरलं तर उरलं. त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, म्हणजे साबुदाणा आणि चहा. माळकरी आहे म्हणून अंडं नाही, ते ठीक, पण मग डाळ तरी वाटीभर जायला पाहिजे ना पोटात? परवा भाकऱ्या थापताना तिच्या अंगातून वाफ निघाली, छातीपासून वर कानापर्यंत लालबुंद, पदर ओलाचिंब. गॅस बंद करून मागच्या दारात येऊन उभी राहिली आणि दोन-चार मिनिटांत थंडी वाजायला लागली. हॉट फ्लॅश म्हणतात तो हाच. आतून वहिनी म्हणाली, भाकरी करपली. आई गप्प परत आत गेली. तुला फोनवर राग ऐकू येतो तो इथून येतो गं.

वय 47, पाळी पाच महिने नाही, त्याआधी दोन वर्षं कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, तीही ढीगभर. हे पाळी जायच्या वाटेवरचंच लक्षण दिसतंय. सलग बारा महिने आली नाही की गेली असं धरतात, आपल्याकडे बहुतेक बायकांची 46-47 च्या आसपास जाते. इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगातलं हार्मोन, कमीजास्त होत होत खाली जातं, त्यात झोप मोडते, घाम येतो, मन हळवं होतं, सांधे धरतात, लघवीच्या जागी कोरडं होऊन आग होते. ही शेवटची गोष्ट ती तुला जन्मात सांगणार नाही, म्हणून मी सांगते, त्यावर लावायचं क्रीम मिळतं, डॉक्टरला विचारायचं. आणि हे सगळं ज्या अंगावर येतंय त्या अंगाला वीस-पंचवीस वर्षं शेवटचं आणि उरलेलं मिळालंय. म्हणून म्हणते, ताट आधी तिचं.

तू म्हणशील मावशी एकच लावून धरते. धरते. सगळी नोकरी मी बीड जिल्ह्यात सिस्टर म्हणून काढली, ऊसतोडीच्या बायका बघितल्या. पाळीत एक दिवस फडावर गेली नाही की मुकादम खाडा धरायचा, पैसे कापायचा, मग अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून गेली डॉक्टरकडे की गर्भाची पिशवी काढून टाक. 2019 ला विधान परिषदेत तीन वर्षांत काढलेल्या पिशव्यांचा आकडा सांगितला गेला, 4,605, फक्त आपल्या जिल्ह्यातला आणि फक्त खासगी दवाखान्यांतला. त्यात तिशीतल्या पोरी होत्या. पिशवीबरोबर अंडाशयं गेली की पाळी जायचं सगळं एका रात्रीत येतं, आणि अंडाशयं ठेवली तरी काही जणींना वेळेआधी येतं. पस्तिशीत कंबर धरून चालणाऱ्या बायका माझ्यासमोर बसायच्या आणि मी विचारायची काय खाल्लं, तर ठरलेलं उत्तर, चहा बटर. जिला जेवण शेवटी मिळतं तिला दवाखानाही शेवटीच मिळतो, आणि मिळाला की थेट पिशवी काढणारा. तुझ्या आईला कुणी "काढून टाका" म्हणालंच तर मला विचारल्याशिवाय हो म्हणायचं नाही, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. कधीकधी खरंच काढावी लागते, पण ते तपासण्या झाल्यावर ठरतं.

आता हाडांचं. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाडं फार वेगाने झिजतात. माझी आई 62 व्या वर्षी न्हाणीघरात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर ती अंगणापर्यंतसुद्धा धड चालली नाही. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवली बिचारी. तिला आधी वाढणारं घरात कुणी नव्हतं, ही खंत मला अजून झोपू देत नाही. म्हणून मी माझ्या घरी चाळिशीनंतर हट्ट धरला, स्वयंपाक झाला की माझं ताट मी सगळ्यांबरोबर घेणार, दह्याची वाटी माझ्यापुढेही असणार. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. जावा म्हणाल्या, नोकरीचा माज आहे. नवऱ्याच्या आधी घास घेते असं गल्लीत झालं. मी स्वार्थी नव्हते बाळा. रात्रपाळी करून आलेल्या बाईला गरम भाकरी खावीशी वाटली तर त्यात काय पाप आहे? आज गुडघे दुखत असले तरी जिना चढते, त्याच जावांना दवाखान्यात मीच घेऊन जाते. मला आजही त्या हट्टाचं वाईट वाटत नाही, तेव्हा लोक काय म्हणतील हे मला विचारत जाऊ नकोस.

तर ताटात काय. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला 1,200 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. एका ग्लास दुधात साधारण 240. दिवसभराच्या चहातलं दूध धरू नकोस, ते चमच्याचमच्यानेच असतं. दोन मोठे चमचे तिळात दीडशेच्या पुढे. नाचणी आपल्याकडची नाही पण आता दुकानात मिळते, 100 ग्रॅम पिठात 350 च्या आसपास. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, हे सगळं दारात आहे. प्रोटीन 60 किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम तरी. तुमच्या शेतात सोयाबीन पिकतं आणि सगळंच्या सगळं आडतीवर जातं! पायलीभर घरी ठेवा, भाजून ज्वारीत दळायला टाका, काही बायकांच्या वाफा त्याने थोड्या कमीही होतात. मटकी, हरभरा, हुलगे, ताक. जवसाची चटणी चांगली आहे, खाऊ दे, पण त्याने वाफा थांबतात असं मी म्हणणार नाही. जेवणावर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही, आणि एवढं रक्त गेलंय तिचं. उपवास सोड म्हटलं तर ती ऐकणार नाही, वाद घालू नकोस, साबुदाण्याच्या जागी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाणे आण. रात्रीचा ठेचा आणि संध्याकाळचा चहा काही दिवस बंद करून बघायचं, वाफा कमी झाल्या तर कायमचा बंद. मिसरी सुटली पाहिजे, तंबाखू हाडांनाही खातो.

"दिवसभर राबते, अजून कसला व्यायाम" असं म्हणेल. राबून कंबर मोडते, ताकद वाढत नाही. खुर्चीवरून हात न लावता उठायचं-बसायचं, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन वर-खाली, आणि संध्याकाळी अर्धा तास चाल. चालायला मी येते सोबत, तेवढंच तिला बोलायला माणूस. त्या वेळात घरातलं कुणी हाक मारायची नाही.

हार्मोनच्या गोळ्यांचं विचारलंस. 2002 साली अमेरिकेतला या गोळ्यांवरचा एक मोठा अभ्यास धोका दिसला म्हणून मधेच थांबवला, तेव्हापासून सगळे घाबरले. नंतर जास्त नीट कळलं, साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केल्या आणि बाकी तब्येत ठीक असेल तर बहुतेकींना फायदा जास्त. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, रक्ताच्या गुठळ्या झालेल्या बायकांना नाही. खाऊनपिऊनही झोप येत नसेल तर डॉक्टरशी बोलायचं, त्यात कमीपणा कसला. पण मेडिकलवाल्याला विचारून आणायच्या नाहीत. मन फारच खचलेलं वाटलं, जगणं नको असं बोलली, तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

पुण्याला नेऊ नकोस. तिथे तुझ्या फ्लॅटवर ती तुझाही डबा करेल आणि मागून जेवेल. तूच चार दिवस रजा काढून ये. पहिल्याच दिवशी तिला सगळ्यांबरोबर बसव, "गरम भाकरी कोण टाकणार" म्हणून ती उठेल, तेव्हा दादाला तव्यापुढे उभं कर. त्याला जमत नसेल तर सगळ्यांनी गार खायची. वहिनीला दोष देऊ नकोस, तिलाही शेवटीच मिळतंय, तिचंही ताट त्याच पंगतीत. दादाला कसं सांगू म्हणून लाजू नकोस, त्याच्याशी मी बोलते, पाळी हा शब्द ऐकून त्याला काही होत नाही.

येताना हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, बीपी आणि सोनोग्राफीसाठी एक सकाळ मोकळी ठेव. आणि एक लक्षात ठेव, बारा महिने पाळी न आल्यानंतर पुन्हा डागभर जरी रक्त गेलं तरी त्याच आठवड्यात डॉक्टर. "उष्णता झाली असेल" असं ती म्हणेल, ऐकायचं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या सोनोग्राफीची फाईल तिच्या कपाटात साड्यांखाली आहे, तिने मला दाखवली होती, तुला सांगितली नाही. ती घेऊन ये, आपण तिघी मिळूनच जाऊ.

तुझी
मावशी