काठमांडूतली देवळं आणि कॅमेरा

आईला घेऊन काठमांडूला जाताय आणि पशुपतिनाथाच्या देवळात कॅमेरा चालतो का, असं विचारलंत. मुख्य देवळाच्या आवारात चालत नाही, मोबाईलनेही फोटो काढायचा नाही. पश्चिम दरवाजातून तो प्रचंड नंदी दिसला की हात खिशाकडे जाणारच, आवरा. पहाटे कॅमेरा हॉटेलवर ठेवून आधी दर्शन घ्या. चामड्याचा पट्टा, पाकीटही नको. मुख्य पूजा दक्षिण भारतातून आलेले भट्ट पुजारी करतात, हे आईला सांगा, तिला गंमत वाटेल.

मग कॅमेरा घेऊन बागमतीच्या पूर्व काठावर या. सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून थेट देवळावर पडतं आणि सोनेरी मुलाम्याचं दुमजली छप्पर उजळून निघतं. खाली आर्यघाटावर चिता पेटलेल्या असतात. मोठमोठ्या लेन्स लावून बसलेले पर्यटक तिथे दिसतील. तुम्ही मात्र तिकडे कॅमेरा रोखू नका. कुणाचा तरी बाप जळत असतो हो तिथे! राख फासलेले साधू आनंदाने उभे राहतात, पण दक्षिणा किती ते आधीच ठरवा.

काठमांडूतल्याच वसंतपूरला कुमारी, म्हणजे जिवंत देवी मानली जाणारी लहान मुलगी, राहते. तिच्या कुमारी घराच्या चौकातलं लाकडी कोरीवकाम हवं तेवढं टिपा. खिडकीत कुमारी आली की कॅमेरा खाली, तिचा फोटो काढायला सक्त मनाई आहे.

खरी मजा काठमांडूजवळच्या पाटण आणि भक्तपूर या जुन्या शहरांत. पाटणचं कृष्ण मंदिर १६३७चं, दगडी आणि शिखराचं. त्यावर महाभारत-रामायणाचे प्रसंग पट्ट्यांमध्ये कोरलेत. एखादा प्रसंग आई तुमच्याआधी ओळखेल. भक्तपूरला जमलं तर मुक्कामच करा, दिवसाचे पर्यटक परतले की चौक मोकळा होतो. तिथलं पाचमजली न्यातपोल मंदिर १७०२ सालचं. १९३४ आणि २०१५च्या मोठ्या भूकंपांतही ते उभं राहिलं. गाभाऱ्यातल्या सिद्धिलक्ष्मीचं दर्शन फक्त पुजाऱ्यांना, त्यामुळे फोटोचा प्रश्नच नाही. पायऱ्यांवरचे पहिलवान, हत्ती, सिंह मात्र मनसोक्त काढा.

स्वयंभूला, म्हणजे काठमांडूतल्या टेकडीवरच्या बौद्ध स्तूपाला, पूर्वेकडचा जिना खूप उभा आहे. आईचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सीने मागच्या बाजूने वर जा, आणि माकडांपासून कॅमेऱ्याची पिशवी सांभाळा. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, त्या दिवशी देवळांत गर्दी उसळते. ड्रोनला परवानगी लागते, तो घरीच राहू दे.