ऑनलाइन पोकर बंद झाल्यावर गोव्याच्या कॅसिनोत कॅश गेम खेळायला जावं का? पैसे किती न्यावेत, खेळात काय बदलावं?

प्रश्नकर्त्याने खाली तपशील दिलाय: तीन वर्षं मोबाईलवर खेळत होतो, थोडाफार नफ्यात होतो, ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला आणि ॲप बंद पडलं. शेवटी एक ओळ जोडलीय, 'समोरासमोर खेळताना चेहरे वाचता येणं किती गरजेचं?' मी उत्तर लिहायला बसलोय ते या ओळीमुळे. बाकीच्याचं ओघात बघू.

चेहरे वाचणं हे थोतांड आहे. आमच्या मामांनी पसरवलेलं.

मामा साखर कारखान्यातून निवृत्त. दिवाळीत तीन पत्ती, एरवी रमी, आणि पत्त्यांत आपल्याइतकं कुणाला कळत नाही हा ठाम विश्वास. मी मोबाईलवर चार-चार टेबलं लावून बसायचो तेव्हा ते मागून डोकावायचे आणि म्हणायचे, "डोळ्यांत डोळा घालून खेळतंय त्याला खेळाडू म्हणायचं. तुझं हे म्हंजे फोटोबरोबर कुस्ती धरल्यागत हाय." हे वाक्य त्यांनी लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याच्या जेवणातसुद्धा ऐकवलं. माझी वही होती, दर महिन्याचा जमाखर्च होता, दोन वर्षं मी नफ्यात होतो. पण फोटोबरोबर कुस्ती म्हटल्यावर पंगत हसते. वहीला कोण हसतंय?

शेवटी २०२२ च्या डिसेंबरात मीच म्हटलं, चला मामा, बघूया. आजऱ्यावरून आंबोली उतरून बांद्यापर्यंत त्यांनी मला चेहरा कसा ठेवायचा याचे धडे दिले. पणजीच्या जेटीवरून कॅसिनोची छोटी बोट मांडवीतल्या मोठ्या बोटीवर सोडते. गोव्याच्या माणसाला कॅसिनोत खेळायला २०२० पासून बंदी आहे हे कळल्यावर मामा म्हणाले, "बघ, शहाणी माणसं. घरच्यांना बाहेर ठेवलं आन आपल्याला आत घेतलं." हे मात्र त्यांचं बरोबर होतं.

टेबल १००-२०० ब्लाइंडचं, म्हणजे दर डावाला दोघांनी पत्ते बघण्याआधीच सक्तीने शंभर आणि दोनशे लावायचे. वीस हजार लावून बसलो. पहिल्या अर्ध्या तासात तीनदा शोभा झाली. रेज करून, म्हणजे वाढवून, पाचशे करायचे म्हणून न बोलता पाचशेची एकच चिप टाकली. डीलर म्हणाला, कॉल, म्हणजे आधीच्याइतकेच, दोनशे. तोंडाने 'रेज' म्हटल्याशिवाय एक मोठी चिप म्हणजे कॉलच, हे मला वाचून माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. मग पाळी नसताना पत्ते फेकले. मोबाईलवर बटण उजळल्याशिवाय काही करताच येत नाही, त्यामुळे पाळी कुणाची हे बघायची सवयच नसते. तिसऱ्यांदा पत्त्यांवर राखणीला चिप ठेवली नव्हती, डीलरने ते टाकलेल्या पत्त्यांत ओढले.

पण खरा मार हा नव्हे. तो कंटाळ्याचा. चार टेबलांवर तासाला अडीचशे हात बघणाऱ्या माणसाला इथे पंचवीस-तीस मिळतात. त्यातले वीस-बावीस टाकायचे. म्हणजे दोन-दोन तास नुसतं बसायचं, लोकांच्या गप्पा ऐकायच्या, कुणीतरी पेला हलवत पाच मिनिटं विचार करतोय ते बघायचं. डोकं म्हणतं, एवढ्या लांब आलोय तर खेळ की काहीतरी.

तशात मला इस्पिकचा एक्का आणि राणी आली. बटणावर मी, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत पाळी सगळ्यांत शेवटी. माझ्याआधी चौघांनी दोनशे टाकलेले. मी आठशे केले. ऑनलाइन असतं तर तिघे तरी गळाले असते. इथे चौघेही आले! हे आधी लिहून घ्या: समोरासमोरच्या टेबलावर लोक पत्ते बघायला पैसे देतात. एक्क्यांची जोडी एकाविरुद्ध शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकते, चार जणांनी वाट्टेल ते पत्ते धरले तर छपन्नच्या आसपास. म्हणून तिथे रेज मोठा करा, बदललं पाहिजे ते हेच. आठशेच्या जागी मी चौदाशे-पंधराशे करायला हवे होते.

दोन्ही ब्लाइंडवाल्यांनी पत्ते टाकले, पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, ४,३००. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी मध्ये उघडलेले पहिले तीन पत्ते: बदाम राजा, इस्पिक दहा, इस्पिक सहा. मला फ्लशची, म्हणजे पाच इस्पिक जमण्याची, वाट, वर गुलाम आला तर एक्क्यापर्यंतची ओळ. माझ्या कामाचे बारा पत्ते, म्हणजे रिव्हरपर्यंत, पाचव्या शेवटच्या पत्त्यापर्यंत, पंचेचाळीस टक्के. २,८०० लावले. तिघे गेले, एक सफारीतले काका राहिले. बेळगावकडचे असावेत, वाक्याच्या शेवटी सूर वर जायचा. टर्नला, चौथ्या पत्त्याला, चौकट दुर्री. मी ६,५०० लावले, काकांनी मोजून दिले. रिव्हरला किलवर चव्वा. हातात काही नाही. पॉट २२,९००, माझ्यासमोर उरलेले ८,९००.

इथे माझ्यातला ऑनलाइनवाला जागा झाला. मनात हिशोब: आठ हजार नऊशे लावून बावीस हजार नऊशे मिळणार, समोरच्याने शंभरात अठ्ठावीस वेळा पत्ते टाकले तरी आपलं नुकसान नाही. हिशोब अगदी बरोबर. सगळे सरकवले.

काकांनी विचारसुद्धा केला नाही. राजा आणि सत्ती दाखवली. मी बघत राहिलो तसे समजूत काढल्यागत म्हणाले, "राजा आलाय की हो. राजा कसा टाकायचा?"

म्हणजे अठ्ठावीस नव्हे, ते शंभरातून शून्य वेळा टाकणार होते. आणि ही गोष्ट चेहरा न बघता कळण्यासारखी होती. दोन तासांत काकांनी एकदाही जोडी लागल्यावर पत्ते टाकले नव्हते. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि हिशोबात घेतलं नव्हतं. चिकटून बसणाऱ्याला ब्लफ करायचा नसतो, चांगला हात असेल तेव्हा त्याच्याकडून जाड पैसे घ्यायचे असतात.

मामा जेवणाच्या टेबलावरून प्लेट घेऊन आले होते, दोरीच्या पलीकडून बघत होते. परतीच्या बोटीत सुरुवात झाली, "चिप्स सरकवताना तुझा हात थांबला. श्वास धरलास तू. त्या माणसानं ते बघितलं." आज इतकी वर्षं कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर हीच गोष्ट चालते. दर वेळी माझा हात थोडा जास्त थांबतो. परवा तर थरथरला म्हणे.

त्या फेरीत दोन दिवसांत एकूण ३४ हजार गेले. त्यानंतर दोनदा एकटा गेलो. एक फेरी थोडी वर, एक बरोबरीत. काय बदललं? ब्लफ जवळजवळ बंद केला, सुरुवातीचे रेज दुप्पट केले, आणि मी पत्ते टाकलेल्या डावांत लोक काय दाखवतात ते मनात नोंदवत बसलो. त्याने कंटाळाही जातो. मोबाईलवर कोण कसं खेळतो याचे आकडे बाजूला छापून मिळायचे, इथे ते स्वतः गोळा करायचे, एवढाच फरक.

पैशांचं विचारलंय. १००-२०० च्या टेबलाला शंभर मोठे ब्लाइंड म्हणजे वीस हजार. असे तीन घ्या, साठ हजार. पण टेबल कुठलं चालू आहे, कमीत कमी किती लावायचे, हे निघण्याआधी फोन करून विचारा. कुणी मध्येच स्ट्रॅडल करतं, म्हणजे पत्ते बघण्याआधी स्वतःहून मोठ्या ब्लाइंडच्या दुप्पट लावतं, मग तेच टेबल दुप्पट महाग होतं. प्रत्येक पॉटमधून रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, कापला जातो, डीलरला टीप द्यावी लागते, पेट्रोल आणि खोली वेगळी. साठ हजार बुडाल्यावर घरी खोटं बोलावं लागणार असेल तर अजिबात जाऊ नका. एटीएम कार्ड खोलीवर ठेवा. वय एकवीसच्या आत असेल तर प्रश्नच मिटला, आत सोडत नाहीत.

थोडं आणखी, आधी सांगायला हवं होतं. मी हे छातीठोक लिहितोय, पण माझं कॅसिनोतलं सगळं खेळणं मिळून चाळीस तास, म्हणजे जेमतेम अकराशे हात. ऑनलाइन तेवढे एका संध्याकाळी व्हायचे. त्यामुळे मी समोरासमोर खरंच बरा खेळतो की नशिबाने सावरलो, हे मलाच सांगता येणार नाही. तुमच्या तीन वर्षांच्या नफ्याचंही तिथे सहा महिने तरी काही खरं नाही. जिंकलात तर तीस टक्के कर, आणि एका फेरीतला तोटा दुसऱ्या फेरीतल्या जिंकण्यातून वजा करता येत नाही. हिशोब मांडताना हे बहुतेक जण विसरतात.

गोवा लांब पडतं म्हणून कोल्हापुरातच कुणाच्या फ्लॅटवर रेक कापून चालणाऱ्या टेबलावर बसायचा विचार असेल तर सोडून द्या. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा आजही लागू आहे. धाड पडली की नाव पेपरात येतं, आणि आपल्या गावात पेपर सगळे वाचतात.

आणि चेहऱ्यांबद्दल एवढंच. हात थरथरणं, श्वास धरणं असं काही नसतंच असं नाही, रोज तिथेच बसणाऱ्यांना दिसतही असेल. पण त्या रात्री नाही. मामा हे वाचणार नाहीत, त्यांचा मुलगा वाचतो. त्याच्यासाठी लिहून ठेवतो: मी चिप्स सरकवल्या तेव्हा काका माझ्याकडे बघतच नव्हते. वेटर तळलेली कोळंबी घेऊन येत होता, त्याच्याकडे बघत होते.