बोनेअरला कॉन्डो घेतला असेल, तर बोटीचे पॅकेज घरून भरू नका

आपला प्रश्न असा आहे: कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर एका आठवड्यासाठी दोन खोल्यांचा कॉन्डो, म्हणजे भाड्याचा फ्लॅट, ठरवला आहे, चौघांपैकी तिघांकडे डायव्हिंगचे सर्टिफिकेट आहे, तर किनाऱ्यावरून आणि बोटीवरून अशा दोन्ही प्रकारच्या डायव्हिंगची व्यवस्था कशी करावी, आणि सहा दिवसांचे बोटीचे पॅकेज आधीच घेऊन ठेवावे का? पॅकेज घेऊ नका, एवढे मी ठामपणे सांगते, कारण तंतोतंत याच परिस्थितीत आम्ही ते घेतले होते आणि त्याची किंमत आमच्यातल्या चौथ्या माणसाने मोजली.

2024 च्या फेब्रुवारीत आम्ही ह्यूस्टनहून गेलो होतो. मी, माझे यजमान, मोठे दीर आणि जाऊबाई. जाऊबाई डायव्हिंग करत नाहीत, पण पोहतात उत्तम आणि स्नॉर्कलिंगची, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्याच्या पृष्ठभागावरून खाली पाहत पोहण्याची, त्यांना मनापासून आवड आहे. कॉन्डो क्रालेंडाइक या तिथल्या मुख्य शहराच्या उत्तरेला होता आणि बोटीचा धक्का शहराच्या दक्षिणेला. पॅकेज दिरांनी दोन महिने आधी ठरवले होते: रोज सकाळी बोट, हवेच्या दोन टाक्या म्हणजे दोन डाइव्ह, सहा दिवस. त्यांचे म्हणणे असे की खरे रीफ, म्हणजे पोवळ्यांचा खडक, बोटीशिवाय दिसत नाही आणि किनाऱ्यावरून पाण्यात उतरणे ही फावल्या वेळेची गोष्ट आहे. हे मत कुठून येते ते मला ठाऊक आहे, कारण मी मूळची मालवणची आहे. पाठीवर पहिली टाकी मी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ घेतली, तीही बोटीवरूनच. तारकर्लीच्या लाटांमधून टाकी घेऊन चालत आत जाण्याचा विचार आमच्याकडे कोणी करत नाही. आपल्या लोकांच्या मनात डायव्हिंग म्हणजे बोट असे समीकरण बसले आहे, आणि ते बोनेअरला लागू पडत नाही.

याचे कारण त्या बेटाच्या ठेवणीत आहे. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, त्यामुळे पश्चिम किनारा जवळजवळ वर्षभर शांत असतो आणि रस्ता त्या किनाऱ्याला लागूनच जातो. रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगवलेल्या दगडांवर प्रत्येक जागेचे नाव लिहिलेले असते. गाडी लावायची, टाकी चढवायची, थोडे पोहायचे, आणि दहाएक मीटर खोलीवर रीफची कड येऊन पुढे उतार सुरू होतो. 1984 मध्ये बुडालेले हिल्मा हूकर हे सुमारे बहात्तर मीटर लांबीचे जहाजसुद्धा तीस मीटरच्या आसपास खोलीवर आडवे पडलेले आहे आणि तिथे किनाऱ्यावरून पोहत जाता येते. गाड्यांच्या नंबर प्लेटवर ‘डायव्हर्स पॅराडाइज’ असे लिहिलेले असते, ते या स्वातंत्र्यासाठी.

आता आमचे काय झाले ते सांगते. तिघांना सामानासह धक्क्यावर साडेआठच्या आत पोहोचायचे असल्याने गाडी सकाळी आमच्याबरोबर जात असे आणि जाऊबाई दुपारपर्यंत कॉन्डोच्या गच्चीत बसून राहत. पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही परतलो तेव्हा त्यांनी चौघांचा स्वयंपाक करून ठेवला होता आणि स्वतः पाण्याला पायसुद्धा लावला नव्हता. त्याच दिवशी बोटीने आम्हाला ज्या जागी नेले, ती बोनेअरच्याच किनाऱ्याला होती. पाण्यातून वर आल्यावर मला रस्ता, पिवळा दगड आणि तिथे उभी असलेली दुसऱ्या कोणाची तरी गाडी स्पष्ट दिसली. ज्या जागी आम्ही चौघे मिळून गाडीने गेलो असतो, तिथे आम्ही तिघे पैसे देऊन बोटीने गेलो होतो, याचा मला आजही राग येतो.

तिसऱ्या दिवशी इंजिनात बिघाड झाल्याने बोट सुटली नाही. पैसे परत मिळणार नाहीत, हवे तर दुपारच्या फेरीला या, असे सांगण्यात आले. दिरांना दुपारपर्यंत थांबायचे होते. मी मात्र टाक्या गाडीत घातल्या, कॉन्डोवर जाऊन जाऊबाईंना घेतले आणि आम्ही आंद्रेआ टू या जागी गेलो. तिथे आम्ही आठ-नऊ मीटर खोलीवर रीफच्या कडेने चाललो होतो आणि जाऊबाई आमच्या बरोबर वर, पृष्ठभागावर पोहत होत्या. एक कासव खालून उठून श्वास घेण्यासाठी संथपणे वर गेले. आम्ही ते खालून पाहिले आणि त्यांनी वरून. बाहेर आल्यावर त्या कितीतरी वेळ त्याच कासवाबद्दल बोलत होत्या, आणि तीन दिवसांत मी त्यांना प्रथमच इतके बोलताना पाहिले. रात्री जेवताना मी म्हटले, उरलेल्या फेऱ्या सोडून देऊ. दीर म्हणाले, “पैसे भरलेत, बोट सोडायची नाही.” ते आणि माझे यजमान उरलेले तीनही दिवस बोटीने गेले. त्यांना धक्क्यावर सोडून गाडी मी माझ्याकडे ठेवली आणि जाऊबाईंबरोबर स्नॉर्कलिंग केले. त्या तीन सकाळी मी एकही डाइव्ह केली नाही आणि मला त्याचे जराही वाईट वाटले नाही.

आपल्या व्यवस्थेबद्दल आता लिहिते. घरून फक्त तीन गोष्टी ठरवा: पिकअप ट्रक, टाक्यांचे आठवड्याचे पॅकेज आणि पहिल्या दिवसाची ओरिएंटेशन डाइव्ह, म्हणजे तिथल्या पाण्याची ओळख करून देणारी डाइव्ह, जी तिथे सक्तीची आहे. सागरी पार्क सांभाळणाऱ्या स्टिनापा या संस्थेची फी आणि बेटावर येणाऱ्यांसाठीचा पंचाहत्तर डॉलरचा प्रवेशकर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही ऑनलाइन भरून पावत्या जवळ ठेवा. डाइव्ह शॉप निवडताना त्यांची बोट किती मोठी आहे हे पाहू नका; आपल्या कॉन्डोपासून ते किती मिनिटांवर आहे आणि दुकान बंद झाल्यावरही टाक्या बदलता येतात का, एवढेच विचारा. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेली हवा, जरूर घ्या, आणि प्रत्येक टाकीतला ऑक्सिजन स्वतः मोजून नोंद करा. हातमोजे नेऊ नका, त्यांना तिथे बंदी आहे. जाड तळव्याचे बूट मात्र हवेतच, कारण किनारा वाळूचा नसून धारदार खडकाचा आणि मेलेल्या पोवळ्यांच्या तुकड्यांचा आहे.

कॉन्डोच्या मालकाला पोहण्याच्या तलावाबद्दल विचारण्याऐवजी तळमजला, बाहेरचा नळ, ओले सामान वाळवायची आणि कुलूप लावून ठेवायची जागा यांबद्दल विचारा. आमचा कॉन्डो दुसऱ्या मजल्यावर होता आणि ओला बीसीडी, म्हणजे टाकी अडकवायचे हवा भरता येणारे जाकीट, घेऊन रोज जिना चढणे हे अर्ध्या डाइव्हएवढे श्रमाचे काम आहे. धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक घालण्याची तिथली पद्धत मनापासून पाळा. पोवळ्यांच्या ऊती नष्ट करणारा रोग 2023 मध्ये त्या बेटावर आढळला आहे आणि तो सामानाबरोबर एका जागेवरून दुसरीकडे जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

ट्रकमध्ये काहीही ठेवू नका, दारांना कुलूप लावू नका आणि काचा खाली ठेवा, हा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल आणि तो खरा आहे. रिमोट नसलेली साधी किल्ली मागून घ्या, म्हणजे ती खिशात घालून पाण्यात नेता येते. उत्तरेकडे जाताना थाउजंड स्टेप्स या डाइव्हच्या जागेच्या पुढे कारपाटा या जागेपर्यंत रस्ता एकेरी आहे आणि परतताना रिंकॉन गावातून वळसा घ्यावा लागतो, त्यामुळे त्या बाजूचा दिवस वेगळा काढा आणि दोन्ही डाइव्हच्या टाक्या बरोबर घ्या. सॉल्ट पिअर या धक्क्याला मीठ भरायला जहाज लागलेले असले तर तिथे उतरता येत नाही, म्हणून त्या दिवशीसाठी दुसरी जागा मनात ठेवा.

बोट घ्यायची ती क्लाइन बोनेअरसाठी, कारण समोरच्या त्या निर्जन बेटाकडे जायला दुसरा मार्ग नाही. तिथल्या कार्ल्स हिलसारखी पाण्याखालची उभी भिंत मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावर मला कुठे दिसली नाही. पण त्यासाठी आठवड्यात दोन सकाळी पुरेशा आहेत, आणि त्या तिथे पोहोचल्यावर ठरवा. नाव लिहिण्याआधी बोट क्लाइनलाच जाणार का, आणि स्नॉर्कलिंग करणाऱ्यांना बरोबर घेतात का, हे स्पष्ट विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा होकारार्थी असते. आमच्या बोटीवर जागा होती. आम्ही विचारलेच नाही.

हे सगळे लिहिल्यावर काही गोष्टी मान्य करायला हव्यात. दिरांचा गुडघा दुखावलेला होता, आणि टाकी पाठीवर घेऊन खडकांवरून उतरणे त्यांना खरोखरच जड जात होते. तुमच्यात कोणाची अशी अडचण असेल तर त्या माणसासाठी बोटच योग्य आहे. किनाऱ्यावरून जाताना वाट दाखवणारा कोणी नसतो, म्हणून आधी प्रवाहाच्या विरुद्ध जाणे, परतीची हवा राखणे आणि पाण्यात शिरण्यापूर्वी किनाऱ्यावरची खूण पाहून ठेवणे हे तिघांपैकी एकाला तरी चांगले जमले पाहिजे; जमत नसेल तर पहिले दोन दिवस गाइड घ्या. पूर्व किनाऱ्यावर स्वतःहून उतरू नका. परतीचे विमान शनिवारचे असेल तर शेवटची डाइव्ह शुक्रवारी सकाळी संपवा, कारण आठवडाभराच्या डाइव्हनंतर उड्डाणापूर्वी किमान अठरा तास जायला हवेत.

ती शुक्रवारची दुपार चौथ्या माणसासाठी राखून ठेवा, असे मी म्हणणार होते, पण खरे तर सगळा आठवडाच त्या माणसाला धरून आखा. आम्ही पुन्हा बोनेअरलाच जाणार आहोत. या वेळी कॉन्डो मी तळमजल्यावरचा घेतला आहे, बोटीच्या फेऱ्या दोनच असतील आणि दोन्हींत जाऊबाई बरोबर असतील, असे मी दिरांना लिहून कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. जाऊबाईंनी मात्र नवा मास्क विकत घेतला आहे.