आजोबांची ब्रनो आणि नवी ४५७

प्रश्न (सिन्नर) : आजोबांची टू-टू (.२२ बोअरची) रायफल, ब्रनो मॉडेल २, आता परवान्यासकट वडिलांकडे आहे. शूटिंग क्लबमधले मित्र म्हणतात, ही जुनी झाली, चेक कंपनी सीझेडची ४५७ घ्या. खरंच एवढा फरक पडलाय का?

उत्तर : विकायची घाई अजिबात करू नका. दोन्ही रायफली एकाच घराण्यातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियात हे कूळ सुरू झालं. पुढे ४५२ आली, २०१० च्या सुमारास ४५५ आणि २०१८-१९ मध्ये ४५७.

४५२ ची नळी बॉडीत (नळी आणि बोल्ट ज्यात बसतात त्या धातूच्या भागात) आट्यांनी घट्ट बसवलेली असे, ती काढणं कारागिराचं काम. ४५५ मध्ये ती दोन बारीक स्क्रूंवर आली. त्यामुळे कारखान्याला एकाच बॉडीवर टू-टू, टू-टू मॅग्नम आणि सतरा एचएमआर अशा वेगवेगळ्या काडतुसांच्या रायफली करता आल्या. परदेशात मालक घरीच नळ्या बदलतात. आपल्याकडे परवान्यावर बोअर लिहिलेला असतो, म्हणून आपल्याला या सोयीचा फारसा उपयोग नाही.

४५७ मधले बदल जास्त कामाचे. आधीचा बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा सरकता दांडा) ९० अंश उचलावा लागे. वर जाडजूड स्कोप (नेम धरायची दुर्बीण) बसवला की बोटं त्याला अडत. आता ६० अंशांत भागतं. ट्रिगरचं वजन आणि चालही जुळवून घेता येते. सगळ्यात मोठा बदल सेफ्टीत झाला. ४५२ आणि ४५५ ची सेफ्टी बोल्टच्या शेपटाला असते : पुढे ढकलली की रायफल बंद, मागे ओढली की गोळी सुटायला मोकळी. ४५७ मध्ये ती बॉडीच्या उजव्या बाजूला आली आणि दिशा नेमकी उलटी झाली. दोन्ही रायफली हाताळणाऱ्यांना मी हे दर वेळी बजावतो, कारण हाताची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते.

गोळी मात्र यातल्या कशानेच अधिक अचूक जात नाही. ते ठरतं नळी, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि नळीच्या तोंडाची कड यांवर. जुन्या रायफलींची ही कड बहुधा तोंडाकडून गज घालून साफ केल्यामुळेच झिजलेली असते. बोल्ट काढून मागच्या बाजूने साफ करा. मग तीन वेगवेगळ्या काडतुसांचे पाच-पाच राउंड ५० मीटरवर मारून बघा आणि त्यानंतरच काय ते ठरवा.

प्रश्न (कॉलेज रोड, एनसीसी कॅडेट) : रिकाम्या टू-टूचा ट्रिगर ओढू नका असं का सांगतात?

उत्तर : टू-टू ही रिमफायर. रिमफायरमध्ये स्फोटक मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत, म्हणजे रिममध्ये असतो आणि पिन त्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर बऱ्याच जुन्या रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर बसते. तिथे खाच पडली की काडतूस अडकू लागतं.

प्रश्न (निफाड) : पावसाळ्यात माझ्या रायफलीचा नेम सरकतो. साईट बिघडली असेल का?

उत्तर : आधी दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) बघा. लाकूड ओल धरून फुगतं आणि नळीला एका बाजूने दाबू लागतं. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवून पाहा, अडेल तिथे दाब आहे. सिंथेटिक दस्ते आले त्यामागे हेही एक कारण आहे. तुमच्या निफाडच्या थंडीत गोळ्या खाली लागल्या तर मात्र दस्त्याला दोष देऊ नका. गारठ्यात काडतुसाचा वेगच कमी होतो.

प्रश्न (गंगापूर रोड) : स्वप्नील कुसळेंनी पॅरिसमध्ये २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्य जिंकल्यापासून मुलगी मागे लागली आहे. तिला ४५७ घेऊन देऊ का?

उत्तर : या प्रकारातलं दहाचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं असतं. त्यासाठी आन्शुट्झ या जर्मन कंपनीच्या ५४ ॲक्शनसारख्या (ॲक्शन म्हणजे बॉडी आणि बोल्टची यंत्रणा), एका वेळी एकच काडतूस भरायच्या, मॅगझिन (काडतुसांची पेटी) नसलेल्या रायफली वापरतात. मॅगझिनसाठी खाच नसल्याने बॉडी ताठ राहते, आणि दस्ता खेळाडूच्या अंगाप्रमाणे जुळवता येतो. ४५७ चांगली रायफल आहे, पण या कामाची नाही. पहिलं वर्ष मुलीला क्लबच्याच रायफलीवर शिकू द्या आणि तुमचे पैसे चांगल्या काडतुसांवर व शूटिंग जॅकेटवर खर्च करा.