गाळा मुलाच्या नावे घ्यावा का?

प्रश्न : फुलेवाडीचे एक वाचक जिल्हा परिषदेच्या शाळेतून गेल्या महिन्यात वयाच्या 58 व्या वर्षी निवृत्त झाले. सर्व मिळून 34 लाख रुपये आले असून दरमहा सुमारे 38,000 रुपये निवृत्तिवेतन हाती पडते. मुलगा 26 वर्षांचा आहे, त्याला पाच वर्षांपासून बायपोलर डिसऑर्डर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा मानसिक आजार) आहे आणि गेले दहा महिने तो स्थिर आहे. त्याला स्टेशनरी व झेरॉक्सचे दुकान काढायचे आहे. त्यासाठी 16 लाखांचा गाळा त्याच्या नावे घ्यावा, 6 लाखांचा माल भरावा आणि राहता फ्लॅटही बक्षीसपत्राने त्याला द्यावा, असा विचार आहे. मुलगी विवाहित असून सांगलीला असते.

नमस्कार,

आपल्या पत्रासोबत वहीचे एक पान आहे. त्यावर आपल्या पत्नीच्या अक्षरात महिन्याचा खर्च मांडलेला आहे आणि सर्वांत खाली 'गोळ्या 3,400' असे लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढलेली आहे. मी हिशेब त्या रेघेपासूनच धरतो, कारण घरातला हा एकमेव खर्च कोणत्याही महिन्यात टाळता येणार नाही आणि आपण दोघे नसतानाही तो चालूच राहणार आहे. मुलाचे वय पाहता सोय चाळीस-पन्नास वर्षांची करायची आहे. आपल्या योजनेत मात्र 34 पैकी 22 लाख पहिल्याच वर्षी गुंतून पडतात, म्हणून गाळा आणि बक्षीसपत्र या दोन्हींना माझा नकार आहे. दुकानाला नाही.

दुकान भाड्याच्या जागेत काढावे. डिपॉझिट, एक झेरॉक्स मशीन आणि थोडा माल मिळून 3 लाखांच्या आत बसवावे आणि हे 3 लाख बुडाले तरी घर हलणार नाही, असे आजच मनाशी ठरवून ठेवावे. आजार उलटला आणि दोन-तीन महिने शटर बंद राहिले, तर भाड्याची जागा सोडता येते. गाळा मात्र पडेल त्या भावाने विकावा लागतो. दोन वर्षे दुकान नीट चालले, तर गाळ्याचा विचार तेव्हा करू.

बक्षीसपत्राबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण रक्ताच्या नात्यात राहते घर देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये असल्याने अनेकांना तो स्वस्तातला सुटसुटीत मार्ग वाटतो. पण एकदा नोंदवलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. मुलाने मागच्या झटक्यात पंधरा दिवसांत मोबाइल ॲपवरून पावणेतीन लाखांचे कर्ज उचलले होते, असे आपणच लिहिले आहे. त्या वेळी फ्लॅट त्याच्या नावे असता तर? मन ठिकाणावर नसताना केलेला करार कायद्याने टिकत नाही हे खरे, परंतु ते कोर्टात सिद्ध करण्यात वर्षे जातात. उलट, केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी वेडा ठरत नाही, हे 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात स्पष्ट म्हटलेले आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून त्याचे हक्क काढून घेण्याच्या मागे लागू नये, मालमत्तेची मांडणी बदलावी. फ्लॅट आपल्याच नावे ठेवून मृत्युपत्र करावे : पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क आणि त्यानंतर मुलाच्या हितासाठी त्याच मृत्युपत्रातून निर्माण होणारा ट्रस्ट, म्हणजे फ्लॅट विश्वस्तांच्या ताब्यात आणि त्याचा उपयोग मुलाला.

या ट्रस्टवर एकटी मुलगी नको. 'ती बघेलच' एवढेच आपण लिहिले आहे. तिला कोणी विचारल्याचे पत्रात कुठे दिसत नाही. तिला विचारावे, तिच्या जोडीला घराबाहेरची एखादी विश्वासू व्यक्ती घ्यावी आणि तिच्या वाट्याला काय येणार हेही त्याच मृत्युपत्रात लिहावे.

आता जे आपल्या पत्रात नाही, त्याबद्दल. आपल्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, सर्वसाधारणपणे शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के आणि त्यावर महागाई भत्ता. पत्नीच्या पश्चात, मानसिक आजारामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्याला ते वयाची अट न लावता हयातभर मिळण्याची तरतूद निवृत्तिवेतन नियमांत आहे. कोणताही गाळा देणार नाही असे हे उत्पन्न आहे, आणि ते महागाईबरोबर वाढते. त्यासाठी कुटुंबाच्या तपशिलात मुलाच्या आजाराची नोंद आपल्या हयातीतच करून घ्यावी. लागणाऱ्या दाखल्याची चौकशी सीपीआर या कोल्हापूरच्या शासकीय रुग्णालयात आणि आपल्या कार्यालयात आताच करावी, कारण पुढे हे कागद गोळा करायला आपण नसाल. मुलगा पुरेसे कमावू लागला तर हा हक्क लागू होणार नाही. तेवढ्यासाठी त्याला कामापासून दूर ठेवा असे सांगणारे भेटतील. त्यांचे ऐकू नये.

दुकानाचे 3 लाख वजा जाता उरलेल्या 31 लाखांपैकी 20 लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. साठी पूर्ण नसली तरी निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडता येते, ही मुदत चुकवू नये. 8.2 टक्के दर धरला तर दर तिमाहीला 41,000 रुपये व्याज येईल. 5 लाख आपल्या व पत्नीच्या नावे बँकेत, अचानक दवाखान्यात दाखल करावे लागले तर. राहिलेले 6 लाख दहा वर्षे हात न लावण्याच्या बोलीवर म्युच्युअल फंडात. अपंगत्वाच्या दाखल्यावरील करसवलतीचे आपण विचारले आहे. आपल्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत करच बसत नाही, त्यामुळे तो विषय सोडावा. आरोग्य विमा घेताना मात्र एजंटाने सुचवले तरी आजार लपवू नये. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक आहे आणि आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा आता तीन वर्षांहून अधिक असू शकत नाही.

हे सर्व मुलासमोर बसून बोलावे, तो आज बरा आहे तोवर. दुकानाच्या खात्यावर दोन सह्या, त्याच्या स्वतःच्या खात्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम, यूपीआयची मर्यादा किती, हे त्यालाच सुचवू द्यावे आणि त्याच्या अक्षरात लिहून घ्यावे.

बक्षीसपत्रासाठी वकिलांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आहे, असे आपण लिहिता. ती रद्द करू नये. त्याच वेळी मुलीला सोबत घेऊन जावे आणि मृत्युपत्राचा मसुदा करायला सांगावे.