एकोणिसाव्या शतकातली स्वीडिश ऑपेरा गायिका जेनी लिंड हिचा आवाज विशीतच बसला होता म्हणतात. मग तो परत कसा आला?

आधी गाणं बंद ठेवून, मग अगदी मुळापासून शिकून. तिची अमेरिकेतली कमाई सगळे सांगतात, पण गाणाऱ्यांनी वाचावा असा भाग हाच आहे.

स्टॉकहोमच्या रॉयल थिएटरच्या शाळेत ती लहानपणीच दाखल झाली. 7 मार्च 1838 रोजी वेबरच्या ‘फ्रायशुट्झ’ या ऑपेरामध्ये आगाथेची मोठी भूमिका केली, तेव्हा ती 17 वर्षांची होती. पुढची तीन वर्षं भूमिकांमागून भूमिका. दमसास आणि सूर लावण्याची पद्धत मात्र पक्की झालेली नव्हती. परिणामी मधल्या सप्तकातले सूर घोगरे झाले. सगळ्यात जास्त राबतात ते हेच सूर.

1841 मध्ये ती पॅरिसला नामवंत गायनशिक्षक मान्युएल गार्सियांकडे गेली. आवाज थकलाय हे त्यांनी लगेच ओळखलं आणि सहा आठवडे गाणं पूर्ण बंद करायला लावलं. बोलायचंसुद्धा कमीत कमी. (आरशाने जिवंत माणसाच्या स्वरतंतूंची हालचाल पाहण्याची पद्धत याच गार्सियांनी पुढे 1854 मध्ये शोधली.) मग आठवड्यातून दोन धडे. आरोह-अवरोह अतिशय सावकाश, ट्रिल (शेजारच्या दोन सुरांची झपाट्याने आलटून-पालटून फेक) त्याहून सावकाश, श्वास कुठे आणि किती घ्यायचा यावर बारीक लक्ष. असे साधारण दहा महिने. थकलेल्या गळ्याकडून द्रुत ताना करून घेतल्या की घोगरेपणा आणखी मुरतो, म्हणून ही संथ लय महत्त्वाची.

मधल्या सुरांवरचं सावट पुरतं कधीच गेलं नाही. ते तिने कौशल्याने झाकलं. वरचे सूर मात्र अप्रतिम झाले. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर मधल्या पांढरी एकच्या लगेच खालच्या पांढरी सातपासून वर जवळजवळ पावणेतीन सप्तकं.

4 मे 1847 रोजी मायरबेअरच्या ‘रॉबेअर’मधून तिने लंडन जिंकलं आणि 10 मे 1849 रोजी, अवघ्या 28व्या वर्षी, त्याच ऑपेराने रंगमंच सोडला. आवाज शाबूत होता. रंगमंचावरचं आयुष्यच तिला नको होतं. पुढे मैफली: अमेरिकेतला तमाशे-खेळांचा आयोजक बार्नम याच्याशी दर मैफलीला 1000 डॉलरचा करार, 11 सप्टेंबर 1850 ला न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमध्ये पहिली मैफल. 1883 पासून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती गाणं शिकवू लागली. 1887 मध्ये वारली.

तिचं ध्वनिमुद्रण नाही. तरी संगीतकार मेंडेल्सोन यांच्या ‘एलायजा’ या धार्मिक गायनरचनेतलं ‘हिअर यी, इस्राएल’ जरूर ऐका. तिचा तारसप्तकातला काळी तीनचा सूर मनात ठेवूनच त्यांनी ते रचलं.