गजकर्ण की खरूज? आधी ती ट्यूब बंद करा

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि पोटावर तीन आठवडे बारीक पुरळ आहे. मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली, दोन दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. पण शेवटी सहज लिहून गेलात, "आता मलाही रात्री खाज सुटते", तिथे मी थांबलो. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं लॅबमध्ये काढली आहेत. मला हे खरजेसारखं वाटतंय.

गजकर्ण कडेवरून ओळखतात. गोल चट्टा, कड लाल आणि कोंडा धरलेली, मधली कातडी निवळलेली. जांघेत नाहीतर नाडी घट्ट बसते तिथे. आम्ही त्या कडेचाच कोंडा बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घ्यायचो, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. थोड्या वेळाने मायक्रोस्कोपखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसायचे.

खरजेचा किडा अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीत बोगदा खणते. मनगटावर, बेचक्यात भिंगातून पाहा, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी वाकडी रेघ सापडते का. पुरळ अंगभर असलं तरी किडे बहुधा 10-15च असतात, बाकी सगळी ॲलर्जी. त्यामुळे खरवडून काही मिळालं नाही, तरी खरूज नाही असं होत नाही.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन दिसलं तर ते स्टेरॉइड. खाज दबते, पण गजकर्ण असेल तर आत बुरशी पसरते आणि ती ओळखीची कड पुसट होते. मग त्वचेच्या डॉक्टरांनाही कोडं पडतं. ती लावणं थांबवा आणि दाखवायला जाताना सोबत न्या.

खरूजच निघाली तर साधारणपणे 5 टक्के परमेथ्रिन हे किडे मारणारं मलम देतात: रात्री मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा, सकाळी अंघोळ, आठवड्याभराने पुन्हा. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी विचारून घ्या. लावायचं घरातल्या सगळ्यांनी, एकाच रात्री. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडे जातात, म्हणून न खाजवणाराही सुटत नाही. आमच्याकडे सासरे "मला कुठे काय होतंय" म्हणून बसले, आणि महिन्याभराने सगळ्या घराला पुन्हा पहिल्यापासून!

अंथरूण-पांघरूण त्याच सकाळी गरम पाण्यातून काढा. उपचारानंतरही खाज 2 ते 4 आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून घाबरून रोज मलम चोपडत बसू नका.